लिव्हर ट्रान्सप्लांटचा रिसर्च म्हणजे फक्त सर्जनचं काम? काहीच्या काही!

आपल्या यवतमाळ-वाशिमकडच्या मेडिकलच्या पोरापोरींमधे वर्षानुवर्षं हेच फिरते की लिव्हर ट्रान्सप्लांटवर रिसर्च करायचा तर आधी सर्जन व्हा, मुंबई-चेन्नई गाठा, एमबीबीएसवाल्याले कोण विचारते. काहून बा? ऑपरेशन करणं वेगळं न् नंतर पेशंटचं काय झालं ते मोजणं वेगळं, हे दुसरं काम फाइल, फोन न् एक्सेलवर चालते. आयसीएमआर म्हणजे देशाची मेडिकल रिसर्चची सरकारी संस्था, तिची मेडिकलच्या पोरापोरींसाठीची एसटीएस स्कीम 1979 पासून आहेच की, दोन महिन्यांचा प्रोजेक्ट, स्टायपेंड भी भेटते. गाइड न् एथिक्स कमिटीची परवानगी मात्र लागतेच.

कॉलेजात ट्रान्सप्लांट होत नाही? मग सिरोसिसचे, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत चाललेले पेशंट घ्या. लिव्हरचा आजार किती गंभीर हे सांगणारा मूळ मेल्ड स्कोअर बिलीरुबिन, क्रिएटिनिन न् आयएनआर (रक्त गोठायची टेस्ट) यावरून निघतो, या टेस्ट जिल्ह्याच्या ठिकाणी होतात, पेशंट किती उशिरा रेफर झाला हे त्यातूनच दिसते.

खरी मेहनत फॉलोअपमधे. फाइलमधला नंबर पोराचा असते, पोरगा पुण्याले, पेशंट बाप कापूस वेचायले वावरात, मग संध्याकाळी सातनंतर लावा फोन. नवं लिव्हर शरीरानं नाकारू नये म्हणून ट्रान्सप्लांटनंतर देतात त्या टॅक्रोलिमस गोळीची लेव्हल सकाळचा डोस घ्यायच्या आधीच्या रक्तातून पाहतात, गोळी खाऊन एसटीत बसला तर रिपोर्ट फसवा येते, हे विचारायले सर्जन कशाले पाहिजे? न् जो भेटलाच नाही त्याले यादीतून उडवू नका, माझ्या मते इथंच निम्मे प्रोजेक्ट गंडतात. शेवटचा संपर्क झाला ती तारीख लिहा, पेशंट किती काळ जगले हे काढायची कॅप्लन-मायर पद्धत 1958 पासून असाच अर्धवट डेटा सांभाळून घेते.