देहधारण

देहधारण : देव मनुष्य झाला, ही ख्रिस्ती धर्माची मध्यवर्ती श्रद्धा. त्रैक्यातला, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा अशा तीन व्यक्तींच्या एकाच देवातला, पुत्र पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने कुमारी मरीयेच्या उदरी आला आणि नासरेथचा येशू म्हणून जगला, असे ती सांगते. येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, तरीही व्यक्ती एकच. ‘इन्कार्नातिओ’ ही लॅटिन संज्ञा ‘कारो’ म्हणजे मांस या शब्दावरून आली.

या श्रद्धेचे सर्वांत प्रसिद्ध वाक्य योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या एका चरित्रात, आहे (१:१४). मराठी बायबलमध्ये ते ‘शब्द देही झाला व त्याने आमच्यामध्ये वस्ती केली’ असे येते. ‘शब्द’ म्हणजे इथे पुत्र. भाषांतर सुंदर आहे, पण त्यातल्या ‘देही’पाशी मराठी वाचकाने थांबायला हवे. गीतेतला देही म्हणजे देहात राहणारा आत्मा. जुनी वस्त्रे टाकून नवी नेसावीत तसा तो जीर्ण शरीरे टाकून नवी धारण करतो (२:२२). योहानाचा मूळ ग्रीक शब्द ‘सार्क्स’ मात्र रक्तामांसाचा आहे. त्यात भूक, थकवा, म्हातारपण, मरण सगळे आले. ख्रिस्ती मतानुसार पुत्राने देह नेसला नाही, तो माणूस झाला. पुनरुत्थानानंतर आणि स्वर्गारोहणानंतरही ते माणूसपण त्याने उतरवून ठेवले नाही. ‘वस्ती’ हा शब्द मात्र नेमका साधला आहे. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ तंबू ठोकून राहणे असा आहे. इस्राएल लोक अरण्यातून चालले असताना त्यांच्यासोबत असलेल्या निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूची, आठवण त्यात आहे. आपल्याकडे वस्ती म्हणजे गाव, आणि प्रवासातला रात्रीचा मुक्काम म्हणजेही वस्तीच.

‘अवतार’ हा शब्द याच कारणाने अपुरा पडतो. तो जवळचा वाटतो, आणि अनेक भारतीय ख्रिस्ती विचारवंतांनी तो आदराने वापरलाही. अवतार म्हणजे खाली उतरणे. धर्माला ग्लानी येते तेव्हा युगायुगांत तो पुन्हापुन्हा होतो. देहधारण एकदाच, एका ठरावीक काळी घडले असे ख्रिस्ती लोक मानतात. रोमन साम्राज्यात, हेरोद राजाच्या दिवसांत, यहुदियातल्या बेथलेहेम गावी.

शुभवर्तमाने या माणूसपणाविषयी आडपडदा ठेवत नाहीत. येशू ज्ञानाने व शरीराने वाढत गेला, प्रवासाने थकून शोमरोनातल्या विहिरीवर बसला, लाजार या मित्राच्या कबरेपाशी रडला. शेवटची घटिका केव्हा येईल हे पुत्रालाही ठाऊक नाही, असे त्याने सांगितले (मार्क १३:३२). प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या, बायबलमधल्या पत्रात पुत्राने स्वतःला रिक्त केले व दासाचे रूप घेतले असे म्हटले आहे (२:७). या रिक्तीकरणाला ग्रीकमध्ये ‘केनोसिस’ म्हणतात. देवपणातले नेमके काय त्याने बाजूला ठेवले, यावर एकोणिसाव्या शतकात जर्मन धर्मशास्त्रज्ञांमध्ये मोठी चर्चा झाली.

सिद्धांताला नेमके शब्द मिळायला काही शतके लागली. आज येशूच्या देवपणाविषयी शंका घेणारे अधिक भेटतात. पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांत काहींना त्याचे माणूसपणच पटेना. देवाला वेदना कशा होतील? म्हणून त्याचे शरीर हा केवळ आभास होता, असे ते म्हणत. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याने त्यांना विरोध केला. पुढे आलेक्झांड्रियाचा आरियस उलट टोकाला गेला : पुत्र श्रेष्ठ खरा, पण निर्माण केलेला. ३२५ च्या निकिया येथील बिशपांच्या परिषदेने पुत्र पित्याशी सत्त्वाने एक आहे असे ठरवले. हे मत आलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याने जन्मभर लढवले आणि त्यापायी पाच वेळा हद्दपारी सोसली. आपण देवाच्या जीवनात सहभागी व्हावे म्हणून पुत्र मनुष्य झाला, हे त्याच्या म्हणण्याचे सार.

येशूला मानवी देह होता, पण मनाच्या जागी दैवी शब्द होता, असे चौथ्या शतकातल्या बिशप अपोलिनारियसने मांडले. त्याच काळातला धर्मशास्त्रज्ञ नाझियान्झसचा ग्रेगरी याने त्याला दिलेले उत्तर मला या साऱ्या वादातले सर्वांत खोल वाटते : जे स्वीकारले गेले नाही, ते बरे झाले नाही. माणसाचे मनही आजारी आहे. ते देवाने घेतलेच नसेल तर त्याचे तारण कसे व्हावे?

मरीयेला ‘देवमाता’ म्हणावे की नाही, हा ४३१ च्या इफिसस परिषदेतला वाद वरवर मरीयेविषयी होता. खरा प्रश्न तिच्या उदरी आलेली व्यक्ती एक होती की देव आणि माणूस अशा दोन, हा होता. परिषदेने तिला देवमाता म्हटले. ४५१ मध्ये काल्सेदोन परिषदेने एक व्यक्ती व दोन स्वभाव (देवपण आणि माणूसपण) हे सूत्र दिले. हे स्वभाव एकमेकांत मिसळत नाहीत, बदलत नाहीत, विभागले जात नाहीत, वेगळे होत नाहीत. सूत्रात हे चार नकार आहेत. ऐक्य कसे घडते हे परिषदेने सांगितले नाही, आणि ते शहाणपणाचेच होते. कॉप्टिक, आर्मेनियन, इथिओपियन आणि सिरियाक मंडळ्यांनी (चर्चेसनी) हे सूत्र नाकारले. केरळातील मलंकारा ऑर्थोडॉक्स मंडळीही त्याच परंपरेतली. हा वाद बऱ्याच अंशी शब्दांचा होता, असे आता मानले जाते. १९७३ मध्ये पोप सहावे पॉल व कॉप्टिक पोप तिसरे शेनौदा यांनी समान श्रद्धेच्या निवेदनावर सह्या केल्या.

देव मनुष्य का झाला, यावरही एकमत नाही. अकराव्या शतकाच्या अखेरीस धर्मशास्त्रज्ञ अँसेल्मने पापाचे ऋण फेडण्यासाठी असे उत्तर दिले. पुढच्या काळातला मध्ययुगीन धर्मशास्त्रज्ञ डन्स स्कोटस याच्या मते माणसाने पाप केले नसते तरीही पुत्र आला असता, कारण प्रेमाला निमित्त लागत नाही. ज्यू आणि इस्लाम धर्म देहधारण मानत नाहीत; देवाच्या एकत्वाला त्यामुळे बाध येतो, असे ते म्हणतात.

मराठीत हा विषय जुना आहे. १५७९ मध्ये गोव्याला आलेले जेझुइट या कॅथलिक संघाचे इंग्रज धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. जगात आलेल्या तारकाची कथा ज्ञानेश्वरांच्या छंदात तिथे आली.

उपासनेत २५ मार्चला मरीयेला मिळालेल्या संदेशाचा सण असतो आणि नऊ महिन्यांनी, २५ डिसेंबरला, नाताळ. पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी म्हटल्या जाणाऱ्या ‘आंजेलस’ या प्रार्थनेत योहानाचे तेच वाक्य येते. रोमन कॅथलिक मिस्सा या उपासनाविधीत श्रद्धासूत्र म्हणताना ‘मनुष्य झाला’ या शब्दांशी एरवी लोक मस्तक लववतात. या दोन सणांना सारे गुडघे टेकतात.