साताऱ्याच्या डोंगरांचं घनवादी चित्र

फ्रेंच चित्रकार सेझाननं दक्षिण फ्रान्समधला सेंत-व्हिक्त्वार हा चुनखडीचा डोंगर कितीतरी वेळा रंगवला. निसर्गाकडे दंडगोल, गोल आणि शंकू म्हणून बघा, असं त्यानं १९०४ सालच्या एका पत्रात लिहिलं. पुढे ब्राक आणि पिकासोनं एकाच वस्तूच्या अनेक बाजू एका कॅनव्हासवर मांडल्या आणि घनवाद आला. त्यांना पैलू शोधून काढावे लागले. आपल्या साताऱ्यात ते काम लाव्ह्यानं आधीच केलंय.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्ह्याचे थर एकावर एक साचले. थरातला भरीव कातळ सहजी झिजत नाही, त्याचा कडा होतो. वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ झालेला भाग लवकर कुजतो, त्याचा उतार होतो. अजिंक्यतारा किंवा यवतेश्वर नीट पाहा: कडा, उतार, पुन्हा कडा.

यातलं काय उठून दिसणार, ते ऋतू ठरवतो. पावसाळ्यात माती धरणारे उतार हिरवे होतात, कडे काळेभोर. ओल्या कातळावरून परतणारा काही प्रकाश पाण्याच्या पातळ थरातून बाहेर न पडता पुन्हा खडकावरच आदळतो आणि दर फेरीत थोडा शोषला जातो. म्हणून हा काळेपणा. डिसेंबरात सूर्य भरदुपारीही ४९ अंशांच्या आसपासच चढतो. तिरप्या उन्हात प्रत्येक कंगोऱ्याची सावली पडते आणि माझ्या मते डोंगर तेव्हाच सर्वांत घनवादी दिसतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य थेट डोक्यावर येतो. सावल्या आखडतात, हवेतली धूळ उजेड-अंधारातला फरक पुसते.

हा फरक मेंदूलाही लागतो. ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी १९५९ साली मांजराच्या मेंदूत ठरावीक कोनातल्या रेषेलाच प्रतिसाद देणाऱ्या पेशी दाखवल्या. १९८१ साली त्यांना नोबेल मिळालं. फरक फिका पडला की या पेशींचा प्रतिसादही मंदावतो. म्हणून ऋतूंचं चित्र काढताना नुसते रंग बदलून भागणार नाही, रेषांचा जोरही बदलायला हवा.

आणि कास पठाराचं काय? सुमारे १२०० मीटर उंचीवरच्या त्या जांभ्याच्या सड्यावर माती जेमतेम, म्हणून मोठी झाडं नाहीत; सप्टेंबरात तेरडा फुलतो, शेजारी सीतेची आसवं ही वनस्पती इवलाले जीव पकडून पोषणाची तूट भरून काढते. खालून पाहणाऱ्याला हा माथा दिसतच नाही. घनवादी चित्रकार मात्र तो कड्यांच्या वर, आपल्याकडे कलता करून, फुलांसकट रंगवू शकतो.