महारोहिणी संकोच (जन्मजात)

हृदयाच्या डाव्या निलयातून निघून साऱ्या शरीराला रक्त पुरवणाऱ्या महारोहिणीचा (महाधमनीचा) लहानसा भाग जन्मतःच अरुंद असण्याची विकृती. डॉक्टरांच्या बोलण्यात ‘कोआर्क्टेशन’. जन्मजात हृदयविकारांत तिचे प्रमाण सुमारे ५ ते ७% असून मुलींपेक्षा मुलग्यांत ती अधिक आढळते. मात्र टर्नर लक्षणसमूह (एक्स गुणसूत्राच्या दोषाची जन्मजात विकृती) असलेल्या मुलींत ती नेहमी शोधावी. निम्म्याहून अधिक रुग्णांत महारोहिणीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असतात.

पहिले वर्णन सामान्यतः मॉरगान्यी यांचे (१७६०) मानतात. काही लेखक मेकेल यांच्या १७५० च्या नोंदीला अग्रक्रम देतात. बॉने यांनी १९०३ मध्ये केलेली ‘अर्भक’ व ‘प्रौढ’ प्रकारांची विभागणी आता दिशाभूल करणारी ठरते, कारण संकोच बहुधा एकाच जागी असतो : डाव्या हाताच्या रोहिणीचा फाटा निघाल्यावर लगेच, डक्टस ही गर्भावस्थेतील जोडवाहिनी महारोहिणीला मिळते तेथे.

कारणाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार डक्टसचे आकुंचनशील ऊतक महारोहिणीच्या भिंतीत शिरते आणि जन्मानंतर डक्टस मिटताना महारोहिणीलाही आवळते. दुसरे मत रूडॉल्फ व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये मांडले : गर्भात या भागातून हृदयाच्या एकूण रक्तक्षेपाच्या जेमतेम १०% रक्त वाहते, हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोषामुळे तेही घटले, तर वाहिनी वाढतच नाही. महारोहिणीची कमानही अरुंद असलेल्या रुग्णांना हे स्पष्टीकरण लागू पडते. एकट्या, कड्यासारख्या संकोचाला मात्र पहिले मत अधिक पटते. सूक्ष्मदर्शकाखाली तेथे डक्टसचे ऊतक दिसते आणि डक्टस उघडणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या औषधाने कधीकधी संकोचही सैल होतो.

निदानाची सुरुवात बोटांनी होते. मनगटाची आणि जांघेची नाडी एकाच वेळी चाचपावी. जांघेतील नाडी क्षीण, उशिरा येणारी किंवा लागतच नसेल तर उजवा हात आणि पाय यांचा रक्तदाब मोजावा. पट्टा अवयवाच्या घेराला साजेसा हवा. हातातील दाब २० मिमी. किंवा अधिक जास्त असल्यास संशय बळावतो. डाव्या हाताची रोहिणी संकोचात सापडलेली असू शकते, म्हणून फक्त डावा हात मोजणे चूक. क्वचित उजव्या हाताची रोहिणीही संकोचाच्या खाली निघते. तेव्हा चारही अवयवांतील दाब सारखे येतात आणि फक्त मानेतील नाडी जोरकस लागते. हृदय थकल्यावरही फरक पुसला जातो. इकोकार्डिओग्राफी, तसेच सीटी किंवा एमआरआय यांनी निदान पक्के होते. भारतातील तरुण रुग्णांत, विशेषतः स्त्रियांत, पोटातील महारोहिणी अरुंद आढळल्यास ताकायासू रोहिणीशोथ (मोठ्या रोहिण्यांच्या भिंतींचा दाह) आधी वगळावा. तो जन्मजात नव्हे.

तीव्र संकोच असलेले अर्भक जन्मतः ठीक दिसते. काही दिवसांत डक्टस मिटते आणि ते दूध सोडते, धापा टाकते, पाय गार पडतात, लघवी थांबते. हे चित्र जंतुसंसर्गासारखे असल्याने जांघ न चाचपता केवळ प्रतिजैविके सुरू होतात आणि मोलाचे तास जातात. प्रोस्टाग्लँडिन ई-१ शिरेतून दर किलो वजनाला मिनिटाला ०.०५ ते ०.१ मायक्रोग्रॅम या वेगाने देऊन डक्टस पुन्हा उघडतात, मग मात्रा उतरवतात. औषधाने श्वास थांबू शकतो. म्हणून बाळाला हलवण्यापूर्वी कृत्रिम श्वासाची तयारी हवी.

पहिली यशस्वी शस्त्रक्रिया क्रॅफर्ड यांनी स्टॉकहोममध्ये ऑक्टोबर १९४४ मध्ये केली. अर्भकांत अरुंद भाग कापून टोके जोडतात. मोठी मुले व प्रौढांत बहुधा स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवतात. महारोहिणीला चिमटा लावलेल्या काळात मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटून पाय लुळे पडण्याचा धोका १ टक्क्याहून कमी, पण खरा आहे. पुढे पुन्हा संकोच, भिंतीला फुगार आणि उच्च रक्तदाब उद्भवू शकतात, म्हणून तपासणी आयुष्यभर चालू ठेवावी लागते. १९६६ पासून प्रचलित झालेल्या एका पद्धतीत डाव्या हाताचीच रोहिणी चिरून ठिगळ म्हणून वापरतात. अशा रुग्णाच्या डाव्या हातातील दाब कायमचा खोटा कमी येतो, म्हणून तो उजव्याच हातात मोजावा.