इन्स्पेक्शन लॉटवर संपतं, ऑडिटचा पॉइंट कारणावर: एकाच बटणानं दोन्ही क्लोज करू नका

बेळगावकडच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या माझ्या ओळखीतल्या बऱ्याच मशीन शॉपवाल्यांनी आता एक्सेल सोडून क्वालिटीचं सॉफ्टवेअर घेतलंय. मोबाईलवर चालतंय, जागेवर फोटो काढता येतोय, रिपोर्ट संध्याकाळची वाट न बघता मेलवर जातोय, चांगलीच गोष्ट आहे. पण कुणी डेमो बघायला बोलावलं की प्रत्येक ठिकाणी मला तोच घोळ दिसतोय. स्क्रीनवर एकच चौकोन, त्यावर लिहिलेलं "इन्स्पेक्शन / ऑडिट", आत एकच चेकलिस्ट, ओके, नॉट ओके, एनए (लागू नाही), खाली सबमिट, आणि नॉट ओके आलं की एक "इश्यू" तयार होतो जो कुणीही उघडून क्लोज करू शकतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "सर, शेवटी दोन्ही तपासणीच की."

हे ऐकून ऐकून कंटाळा आलाय म्हणून एकदा सगळं लिहून टाकतोय.

इन्स्पेक्शन तुम्ही रोज करता, त्यावर लांबण लावत नाही. कास्टिंगची गाडी आली, इन्वर्ड झालं, जीआरएन (माल आल्याची पावती) पडली, सॅम्पल काढले. ५०० नगांचा लॉट (एकत्र आलेला माल) असला तर आयएस २५०० या सॅम्पलिंगच्या स्टँडर्डच्या टेबलप्रमाणे जनरल लेव्हल दोनला ५० नग, एक्यूएल (खराब नग किती टक्क्यांपर्यंत चालवून घ्यायचे ती मर्यादा) १.० धरला तर एक खराब निघाला तरी लॉट पास, दोन निघाले की नापास. ऑटोमोबाईलचं काम असलं तर हे चालत नाही, आयएटीएफ १६९४९ मध्ये अशा ओके-नॉट ओके सॅम्पलिंगला झिरो डिफेक्टच लागतो, सॉफ्टवेअरला हे कळायला पाहिजे आणि सॅम्पल साइज त्यानं स्वतः काढून द्यायला पाहिजे, इन्स्पेक्टरला डोक्यानं टाकायला लावू नये. मग व्हर्नियर, बीएचएन (कठीणपणाचा आकडा), हीट नंबर (कास्टिंग कुठल्या ओतणीतलं ते सांगणारा नंबर) टेस्ट सर्टिफिकेटशी जुळवणं, आणि शेवटी निकाल. घेतला, परत पाठवला, रिवर्कला टाकला नाहीतर डेव्हिएशनवर, म्हणजे फरक चालवून घ्यायची परवानगी देऊन घेतला. निकाल लागला, रेकॉर्ड बंद, त्या लॉटची गोष्ट तिथंच संपली.

ऑडिटमध्ये लॉटच नसतो. तुम्ही फाउंड्रीत जाता, वाळू कुठं पडलीय, कोअर (कास्टिंगच्या आतली पोकळी करणारा वाळूचा गाभा) कोण करतोय, स्पेक्ट्रोची (धातूतले घटक मोजणारं मशीन) रीडिंग कोण लिहितोय, गेज कॅलिब्रेट आहे का, हे बघता. त्या दिवशीचा माल चांगला आहे की वाईट हा प्रश्नच नसतो, ही माणसं ज्या पद्धतीनं काम करालेत त्या पद्धतीतनं उद्याही माल चांगला येणार का, हा प्रश्न असतो. आपल्याकडं डेअरीवर रोज सकाळी कॅनमधलं दूध घेऊन फॅट लावतात ते इन्स्पेक्शन. गोठ्यात जाऊन भांडी कशी धुतात, दूध काढल्यावर किती वेळ तसंच ठेवतात ते बघणं म्हणजे ऑडिट.

कोण करतं, वर्षातनं किती वेळा, एक तास लागतो का पूर्ण दिवस, हे फरक सगळ्यांना माहीत आहेत आणि त्यानं कुणी अडकतही नाही. आपण सप्लायरचं करतो त्याला सेकंड पार्टी ऑडिट म्हणतात, सर्टिफिकेटवाला येतो ते थर्ड पार्टी, एवढं ध्यानात ठेवलं की झालं.

अडकतात ते बंद करण्यात. कुठली गोष्ट कधी बंद झाली असं म्हणायचं, इथं सगळे अडकतात, चांगले पंधरा वर्षांचे क्वालिटीवालेसुद्धा.

क्वालिटीच्या शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या आयएसओ ९००० च्या २०१५ च्या आवृत्तीत दोन वेगळ्या व्याख्या आहेत. करेक्शन म्हणजे जी चूक सापडली ती चूक दूर करणं. करेक्टिव्ह ॲक्शन म्हणजे त्या चुकीचं कारण दूर करणं, म्हणजे ती परत होणार नाही. आयएसओ ९००१ मध्ये पण खराब माल निघाला तर त्याचं काय करायचं हे ८.७ मध्ये, आणि कारण शोधून केलेल्या कामाचा परिणाम झाला का हे बघणं १०.२ मध्ये, दोन वेगळ्या कलमात ठेवलंय. इन्स्पेक्शनचा रेकॉर्ड ८.७ वर बंद होतो. ऑडिटचा पॉइंट, म्हणजे ऑडिटमध्ये सापडलेली त्रुटी, १०.२ पूर्ण झाल्याशिवाय बंद होत नाही. आणि आपली सॉफ्टवेअरं दोन्हींना एकच क्लोज बटण देतात.

कुणी म्हणेल लॉट रिजेक्ट झाला तरी आम्ही सप्लायरकडनं ८डी (कारण शोधून उपाय करायचा आठ टप्प्यांचा रिपोर्ट) मागतोच की. मागताच, मागायलाच पाहिजे, पण बघा, लॉट परत गेला त्या दिवशी लॉटचा निकाल बंद झाला, ८डी त्यानंतर महिना दीड महिना उघडा राहतो. म्हणजे ते दोन रेकॉर्ड झाले. एका रेकॉर्डमध्ये कोंबले की एकतर लॉट उगाच पेंडिंग दिसतो आणि स्टोअरवाला मागं लागतो, नाहीतर ८डी लॉटबरोबर गाडला जातो. मी बघितलंय, नेहमी दुसरंच होतं.

माझ्याच बाबतीत झालेलं सांगतो. एका फाउंड्रीकडनं आम्ही हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडीची कास्टिंग घेतो. एप्रिलमध्ये ऑडिटला गेलो, कोअर शॉपमध्ये वाळूची ओल मोजल्याची नोंद नव्हती, रजिस्टरच कोरं. मी मायनर एनसी (लहान त्रुटी) टाकली, सॉफ्टवेअरमध्ये "इश्यू" तयार झाला. चौथ्या दिवशी सप्लायरनं भरलेल्या रजिस्टरच्या पानाचा फोटो टाकला, आमच्या इथल्या नवीन मुलानं फोटो बघितला, नोंद दिसतीय म्हटलं आणि क्लोज केलं. त्याची चूक नाही, स्क्रीनवर त्याला दुसरा पर्यायच नव्हता. डॅशबोर्ड हिरवा झाला, मीही बघितलं आणि पुढं गेलो.

जूनमध्ये पाऊस लागला. बेळगावचा पाऊस तुम्हाला सांगायला नको, खानापूरकडं तर आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. जुलैच्या पहिल्या लॉटपासनं बोअर (बॉडीतलं गोल भोक) मशीनिंग केला की आत ब्लो होल (गॅसनं पडलेली पोकळी) दिसायला लागले. एका पाळीत अकरा नग गेले. इन्वर्डला माल पासच होता हे लक्षात घ्या, कारण भोक कातड्याखाली असतं, वरनं कास्टिंग स्वच्छ दिसतं, बीएचएन बरोबर, केमिस्ट्री बरोबर, टूल आत गेल्यावरच ते उघडं पडतं. कोल्ड बॉक्सच्या (न तापवता रेझिननं घट्ट केलेल्या) कोअरला वाळूत ओल चालत नाही, रेझिनमधला आयसोसायनेट पाण्याशीच रिॲक्शन करून बसतो, बाइंडिंग कमी पडतं, कोअर हळवा राहतो आणि लोखंड ओतताना गॅस सुटतो. मोकळ्यात पडलेली वाळू पावसात भिजली, एवढंच झालं होतं.

मग काय केलं आम्ही? लॉट परत, डेबिट नोट, रेकॉर्ड क्लोज. पुढचा लॉट, तेच. चार लॉट, चार क्लोज झालेले इन्स्पेक्शन रेकॉर्ड, आणि एप्रिलमध्ये बंद झालेला एक ऑडिट पॉइंट ज्यात हेच कारण लिहिलेलं होतं, आणि सॉफ्टवेअरनं या पाचांना एकमेकांशेजारी कधी आणून ठेवलंच नाही. मला ते कळलं ऑगस्टमध्ये, जुना रिपोर्ट दुसऱ्याच कामासाठी उघडला तेव्हा. त्या दिवशी खूप वाईट वाटलं, अजून वाटतं, कारण एप्रिलमध्ये आम्ही त्या वाळूजवळ उभे होतो.

परत फाउंड्रीत गेलो, या वेळी रजिस्टर बाजूला ठेवून नोंद का होत नव्हती ते विचारलं. नोंद करायचा तो माणूस रात्रपाळीला नॉकआउटला (ओतलेलं कास्टिंग वाळूतनं काढायच्या कामाला) जात होता. ओल किती चालते ती लिमिट कुठंच लिहिलेली नव्हती, त्यामुळं मोजून तरी काय करायचं हे त्यालाही माहीत नव्हतं. शेडमध्ये जुने पॅटर्न (साचे करायचे नमुने) ठेवलेले म्हणून वाळू बाहेर उतरवत होते. फोटोतलं रजिस्टर ही करेक्शन होती, आणि तीसुद्धा एका पानापुरती. करेक्टिव्ह ॲक्शन म्हणजे शेड मोकळी करणं, वाळू सुकवायची सोय, लिमिट भिंतीवर लावणं आणि लिमिटच्या वर गेली तर कोअर थांबवायचा अधिकार कुणाला ते ठरवणं. यातलं एकही काम फोटोनं सिद्ध होत नाही, पावसातच सिद्ध होतं.

म्हणून सॉफ्टवेअरमध्ये बदल सांगायचा झाला तर माझा पहिला आग्रह हाच, ऑडिटच्या पॉइंटला तीन वेगळ्या तारखा पाहिजेत. काम केलं ती सप्लायरनं टाकायची, केलेलं बघितलं ती आपण टाकायची, आणि परिणाम दिसला ती आपणच पण नंतर टाकायची, आणि तिसरी पडल्याशिवाय पॉइंट हिरवा होता कामा नये. सप्लायरच्या लॉगिनला क्लोज बटण दिसताच कामा नये. तिसरी तारीख कधीची ते पॉइंट टाकणाऱ्यानं ठरवायचं. सरसकट ३० दिवसांचा डिफॉल्ट मला अजिबात पटत नाही. पावसाशी संबंध असलेला पॉइंट मे महिन्यात तपासून काय मिळणार?

दुसरं, जोड. प्रत्येक डिफेक्टला एकच कोड इन्स्पेक्शनमध्येही आणि ऑडिटमध्येही वापरायचा, आणि मशीनिंगला उघडं पडलेलं रिजेक्शनसुद्धा त्याच हीट नंबरवर चढवायचं. त्याच सप्लायरकडनं त्याच कोडचे दोन लॉट गेले की जुना बंद पॉइंट आपोआप उघडून समोर यायला पाहिजे. यासाठी मोठी अक्कल लागत नाही, फॉर्म दोन आणि मधे एक धागा एवढंच लागतं. पण फॉर्मच एक असला तर धागा कशाला बांधणार?

टक्केवारीबद्दल पण बोलतो, कारण ती मला फार खटकते. ऑडिट संपलं की सॉफ्टवेअर दाखवतं ९२ टक्के, आणि मालक खूश. त्या ८ टक्क्यांत काय होतं ते कोण बघत नाही. व्हीडीए ६.३ या जर्मन ऑटोमोबाईलवाल्यांच्या ऑडिट पद्धतीतसुद्धा ९० च्या वर ए ग्रेड असली तरी महत्त्वाच्या स्टारवाल्या प्रश्नात कमी पडलं की ग्रेड खाली आणायचा नियम आहे, म्हणजे ज्यांनी टक्केवारी बनवली त्यांनाही तिच्यावर डोळे झाकून भरवसा नाही. आकड्याच्या वर उघडे एनसी आधी दाखवा, आकडा नंतर.

"आमच्यात ऑडिट ट्रेल आहे" असं सांगून ऑडिट मॉड्यूल विकणारे पण भेटलेत. ऑडिट ट्रेल म्हणजे कुठल्या युजरनं कधी काय बदललं त्याची नोंद, ती लागतेच, पण तिचा सप्लायर ऑडिटशी संबंध नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. प्रदूषण मंडळाची कन्सेंट (कारखाना चालवायची परवानगी), क्रेनची वर्षाची तपासणी, पीएफचं चलन, यांच्या मुदती सॉफ्टवेअरनं सांभाळाव्यात, महिनाभर आधी आठवण द्यावी, हे काम ते माणसापेक्षा चांगलं करतंय. आमच्याकडं एक जास्तीची अडचण म्हणजे निम्मे सप्लायर इकडं आणि निम्मे कोल्हापूरकडं शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलला. इकडच्यांची कन्सेंट कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची, तिकडच्यांची महाराष्ट्राच्या मंडळाची, आणि तयार टेम्प्लेटमध्ये एकाच राज्याचं नाव पक्कं टाकलेलं असतं, मग मुलं रिमार्कमध्ये टाइप करतात आणि आठवण कधी येतच नाही. राज्य निवडायची सोय द्या, दहा मिनिटांचं काम आहे. पण एवढं करून कन्सेंटची तारीख बघितली म्हणजे कंप्लायन्स ऑडिट झालं असं धरू नका, धूळ खेचायचा फॅन चालू आहे का ते तिथं जाऊनच बघावं लागतं.

भाषेचंही तसंच. कोअर शॉपमधला माणूस कन्नड वाचतो नाहीतर मराठी, इंग्लिश चेकलिस्टवर तो सगळीकडं ओके टिक करतो कारण ओके एवढंच त्याला वाचता येतंय. दोन्ही भाषा द्या. आणि ऑफलाइन चालू द्या, पत्र्याच्या शेडमध्ये रेंज नसते आणि इन्स्पेक्टर मग कागदावर लिहून संध्याकाळी आठवून भरतो.

डेमोला बसलात की विकणाऱ्याला फक्त एवढं करायला सांगा. एक ऑडिट पॉइंट टाका, सप्लायरच्या लॉगिननं आत जा, कुठलाही एक फोटो टाका आणि बंद करून दाखवा. बंद झाला तर ते इन्स्पेक्शनचं सॉफ्टवेअर आहे. इन्स्पेक्शनसाठी घ्या, चांगलं असेल, ऑडिटसाठी एक्सेलच ठेवा.

त्या फाउंड्रीत आता शेड मोकळी झालीय, वाळूवर पत्रा आलाय, ड्रायर बसलाय, रजिस्टर रोज भरलं जातंय. सप्लायर दोनदा फोन करून विचारला, "सर, पॉइंट क्लोज करा की." मी तिसरी तारीख पुढच्या पावसाळ्यातली, ऑगस्टअखेरची टाकलीय, त्या जुलैमधले लॉट मशीनिंगला लागून बोअर बघितल्यावर.