जुळी बाळे : वाढ मोजायची ती एकेकाची

जुळी घरी आली की दोन वह्या घ्याव्यात, दोन वेगळ्या रंगांच्या. कोण कधी प्यायले, किती वेळ प्यायले, किती लंगोट ओले झाले, शी कशी झाली, कोणते थेंब दिले आणि आठवड्याचे वजन किती, एवढेच त्यांत लिहायचे. रात्री तीन वाजता दोघे एकदम रडत असतात, आजी एकाला घेते, आई दुसऱ्याला, आणि सकाळी 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब कोणाला दिले हे कोणालाच सांगता येत नाही. एकाला दोनदा औषध आणि दुसऱ्याला मुळीच नाही, हा जुळ्यांच्या घरातला नेहमीचा धोका आहे. बाळे हुबेहूब सारखी असतील तर एकाच्या पायाच्या अंगठ्याच्या नखावर नेलपॉलिशचा ठिपका ठेवावा. मनगटात किंवा पायात दोरा बांधू नये. बाळ भराभर भरते, दोरा रुततो आणि रक्तपुरवठा अडतो.

दोन वह्यांमागे एक विचार आहे. जुळ्यांना जोडी समजून 'दोघे मिळून बरे चालले आहे' असे म्हणणे, किंवा एकाला पट्टी करून दुसऱ्याला मोजणे, या दोन सवयींमुळे खरा आजार नजरेतून सुटतो. प्रत्येक बाळाला त्याच्या स्वतःच्या रेषेशी, म्हणजे वाढीच्या तक्त्यावर त्याच्या वजनाचे ठिपके जोडून होणाऱ्या रेषेशी, ताडून पाहायचे असते.

आधी वय नीट ठरवू. निम्म्याहून अधिक जुळी 37 आठवडे भरण्याआधीच जन्मतात. पूर्ण दिवस म्हणजे 40 आठवडे. बाळे 34 आठवड्यांना जन्मली असतील तर ती सहा आठवडे लवकर आली. जन्मतारखेने ती सहा महिन्यांची झाली की त्यांचे 'दुरुस्त वय' साधारण साडेचार महिने धरायचे. वजन, लांबी, डोक्याचा घेर, मान धरणे, बसणे, बोलणे हे सारे दोन वर्षांपर्यंत याच दुरुस्त वयाने पाहतात. हे न केल्यामुळे निरोगी बाळाच्या नावावर 'मागे पडले' असा शिक्का बसतो आणि घरचे विनाकारण खंगतात.

लसीचे मात्र उलट आहे. लस जन्मतारखेनेच द्यायची. 34 आठवड्यांचे बाळ सहा आठवड्यांचे होते तेव्हा वाढीच्या हिशेबाने ते नुकतेच 'जन्मलेले' असते. तरीही पेंटाव्हॅलंट (डांग्या खोकल्यासह पाच रोगांवरची एकत्र लस), पोलिओ, रोटाव्हायरस आणि न्यूमोकोकलचा पहिला डोस त्याच दिवसांत हवा, मग दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला वेळापत्रकाप्रमाणे पुढचे, आणि नऊ महिने झाले की गोवर-रुबेला. 'अजून बारीक आहेत, थोडी भरू देत' म्हणून थांबणे चुकीचे आहे. बारीक बाळालाच डांग्या खोकला आणि न्यूमोनिया जास्त गाठतात. एकाला ताप असेल आणि डॉक्टरांनी त्याची लस पुढे ढकलली, तर दुसऱ्याची त्या दिवशी घ्यावीच. जोडीने जायचे म्हणून दोघांची चुकवू नये. गोव्यातल्या काणकोण, सांगे किंवा वाळपईहून लसीसाठी निघताना दोन बाळांना दोन मोठी माणसे सोबत असावीत. कार्डही प्रत्येकाचे वेगळे हवे.

गरोदरपणातील सोनोग्राफीचे कागद जपून ठेवावेत, विशेषतः 11 ते 14 आठवड्यांमधला अहवाल. त्यात दोन्ही बाळांची वार (प्लॅसेंटा) एकच आहे की वेगळी हे लिहिलेले असते. वार एक असेल तर तिच्यातल्या रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात आणि अशा दर शंभर गर्भारपणांपैकी सुमारे 10 ते 15 मध्ये एका बाळाकडून दुसऱ्याकडे रक्त असमान वाहते. देणारे बाळ फिकट आणि लहान, घेणारे लालबुंद. दोघांनाही धोका असतो, म्हणून जन्मल्यावर दोघांचे हिमोग्लोबिन पाहतात आणि विकासाची तपासणी पुढेही काटेकोर ठेवतात. वार वेगळी आणि बाळे भिन्न असतील तर त्यांचे रक्तगटही वेगळे असू शकतात. आईचा गट ओ असताना एकाचा ओ आणि दुसऱ्याचा बी निघाला, तर कावीळ दुसऱ्यालाच जोराची होऊ शकते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कावीळ पाचव्या ते सातव्या दिवशी, म्हणजे अनेकदा घरी आल्यावर, शिगेला पोहोचते. दोघांना खिडकीच्या उजेडात उघडे करून वेगवेगळे पाहा. तळहात-तळपाय पिवळे दिसले तर त्याच दिवशी इस्पितळात न्यावे, कोवळ्या उन्हावर विसंबून राहू नये.

आता वजन. जन्मानंतर वजन दहा टक्क्यांपर्यंत उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना थोडा अधिक वेळ लागतो. त्यानंतर पहिले तीन महिने दिवसाला 20 ते 30 ग्रॅम भर पडली पाहिजे. घरातल्या माणसांच्या वजनकाट्यावर बाळाला घेऊन उभे राहायचे आणि मग स्वतःचे वजन वजा करायचे, ही पद्धत इथे कामाची नाही. तो काटा 100 ग्रॅमच्या पायरीने चढतो, म्हणजे बाळाची चार दिवसांची वाढ त्यात दिसतच नाही. 5 किंवा 10 ग्रॅमपर्यंत दाखवणारा बाळांचा काटा हवा. तो आरोग्यकेंद्रात असतो. दर वेळी तोच काटा, बाळ उघडे आणि शक्यतो पाजण्याआधी.

दोघांमधला फरक कसा काढायचा? मोठ्याच्या वजनातून लहानाचे वजा करा आणि त्याला मोठ्याच्या वजनाने भागा. 2400 आणि 1800 ग्रॅमची बाळे असतील तर 600 भागिले 2400, म्हणजे 25 टक्के. जन्मावेळी 20 ते 25 टक्क्यांहून अधिक फरक असेल तर लहान बाळाची साखर, शरीराचे तापमान आणि पिणे यांकडे पहिल्या दिवसांत जास्त लक्ष लागते. पण पुढे महत्त्व त्या फरकाला नसते, रेषेला असते. लहान बाळ लहानच राहून आपल्या रेषेवर सरळ चढत असेल तर ते बरे आहे. मोठे बाळ अजूनही मोठेच दिसते, पण त्याची रेषा तीन आठवडे आडवी पडली आहे, हे जास्त काळजीचे. भावाशेजारी गुटगुटीत दिसते म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

दोघांना पुरेल इतके दूध अंगावर येते का, हा प्रश्न आईला पहिल्या दिवसापासून ऐकावा लागतो. बहुतेक आयांना येते, कारण स्तन जितके रिकामे होतात तितके दूध तयार होते. बाळे काचेच्या पेटीत असतील तर जन्मानंतर पहिल्या काही तासांतच हाताने किंवा पंपाने दूध काढायला लागावे, दिवसातून आठ वेळा, त्यांतले एकदा रात्री. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ 34 आठवड्यांच्या आसपास बसू लागतो. म्हणून त्या वयाचे बाळ पाच-सात मिनिटे चोखून झोपते आणि घरच्यांना वाटते की पोट भरले. तसे नसते, ते दमलेले असते. त्याला दर दोन-तीन तासांनी उठवून पाजावे, आणि उरलेले दूध काढून वाटी-चमच्याने किंवा स्वच्छ उकळलेल्या बोंडल्याने द्यावे.

एकाच वेळी दोघांना पाजायचे असेल तर दोन्ही बाजूंना घट्ट उशा घेऊन बाळांचे पाय आईच्या काखेखालून मागे जातील असे धरावे. सिझेरियनच्या टाक्यांवर त्यात भार येत नाही. जोरदार चोखणाऱ्या बाळामुळे दोन्ही स्तनांत पान्हा सुटतो आणि अशक्त बाळाला कमी कष्टांत दूध मिळते. मात्र बाजू रोज बदलायच्या. अशक्त बाळ कायम एकाच बाजूला राहिले तर त्या बाजूचे दूध हळूहळू घटते. दोघांचे मिळून किती, हे न पाहता प्रत्येकाचे 24 तासांत सहा किंवा अधिक लंगोट चांगले ओले होतात का, हे पाहावे.

काढलेले दूध 25 अंशांपर्यंत चार तास टिकते. पण गोव्यातल्या एप्रिल-मेच्या दुपारी खोली तेवढी थंड नसते, म्हणून ते लगेच फ्रीजच्या आतल्या भागात ठेवून 24 तासांत वापरणे सुरक्षित. डब्याचे दूध डॉक्टरांनी सांगितले असेल तर डब्यावरच्या मापानेच करावे, बहुतेक वेळा 30 मिलिलिटर उकळून कोमट केलेल्या पाण्याला एक सपाट चमचा. दोन बाळांना डबा पुरावा म्हणून पातळ करणे हे वजन न वाढण्याचे हमखास कारण आहे. मध आणि गुटी मुळीच नको. मधातून येणाऱ्या जंतूंमुळे वर्षाखालच्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात.

थेंबांच्या बाटलीचे लेबल वाचणेही तितकेच गरजेचे. 'ड' जीवनसत्त्व दोघांनाही रोज 400 युनिट लागते, पण दुकानात एका मिलिलिटरमध्ये 400 युनिटची आणि 800 युनिटची अशा दोन्ही बाटल्या मिळतात. लोहाचे थेंब वजनावर ठरतात, म्हणून 2400 आणि 1800 ग्रॅमच्या बाळांचा डोस एक नसतो. पॅरासिटामॉलचे तर आणखी जपून. थेंबांच्या बाटलीत मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम असते आणि नेहमीच्या सिरपमध्ये 5 मिलिलिटरला 125, म्हणजे थेंब चौपट तीव्र. सिरपच्या मापाने थेंब पाजले तर यकृताला इजा होऊ शकते. एकाला लिहून दिलेले औषध 'त्यालाही सर्दीच आहे' म्हणून दुसऱ्याला देऊ नये, आणि तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर औषध न देता आधी डॉक्टर गाठावेत.

अडीच किलोखालच्या बाळाला उबेसाठी शेगडी किंवा धुरी नको, अंगाला अंग लावून धरणे हवे. दिवसात आठ तास किंवा त्याहून जास्त, एक बाळ आईच्या छातीवर आणि एक बाबाच्या. काखेतले तापमान 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअसमध्ये राहिले पाहिजे. खोबरेल तेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही, फक्त नाका-कानात सोडू नये. धुरीने मात्र श्वासनलिका सुजते. जून ते सप्टेंबरमध्ये लंगोट सुकत नाहीत आणि दमट कापडाने जांघेत बुरशी येते: कातडीच्या घडीत लालभडक चट्टा आणि भोवती बारीक पुळ्या. त्यावर पावडर न घालता डॉक्टरांकडून बुरशीचे मलम घ्यावे. लंगोट इस्त्रीने कोरडे करावेत आणि जास्तीचे दोन डझन ठेवावेत. चवथीला घर भरलेले असते. सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्याने बाळ घेऊ नये, मुका तर नकोच. बाळालाच सर्दी-खोकला झाला तर त्याचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा. दोन महिन्यांखाली मिनिटाला 60 किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत 50 किंवा अधिक, किंवा छाती आत ओढली जात असेल तर 108 बोलवा.

झोपवताना दोघांना उताणे आणि वेगवेगळ्या सपाट जागी ठेवावे, मोहरीची उशी न घेता. गर्भात दाटी असल्याने जुळ्यांची मान एका बाजूला आखडणे आणि डोके एका बाजूने चपटे होणे अधिक आढळते. रोज डोक्याची बाजू बदला आणि जागेपणी, नजरेसमोर, थोडा थोडा वेळ पालथे ठेवा.

दोन तपासण्या वेळेत झाल्या नाहीत तर नुकसान भरून निघत नाही. 34 आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा 2000 ग्रॅमहून कमी वजनाच्या बाळाचे दृष्टिपटल (डोळ्याच्या आतला पडदा) जन्मापासून 30 दिवसांच्या आत तपासावे लागते, फारच लहान बाळाचे दोन-तीन आठवड्यांतच. दुसरी श्रवणचाचणी: महिन्याच्या आत प्राथमिक चाचणी, तीन महिन्यांपर्यंत निदान, सहा महिन्यांपर्यंत उपचार. एक जुळे पास झाले म्हणून दुसऱ्याची सोडू नये.

वरचे अन्न सुरू केल्यावर वाटी-चमचा दोघांचा वेगळा हवा. एकाच वाटीतून भरवले की कोणी किती खाल्ले ते कळत नाही आणि एकाची हगवण दुसऱ्याला जाते. उकड्या तांदळाची पेज पातळ दिली तर त्यात पाणीच जास्त. चमचा तिरका केला तरी सांडणार नाही इतकी घट्ट पेज, मऊ भात, डाळ, खोबरेल किंवा तूप, नाचणीचे सत्त्व, नीट काटे काढलेली मासळी असे हवे.

विकासाकडे पाहताना जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा उपयोगी पडतात. आधाराशिवाय बसणे 3.8 ते 9.2 महिने, एकट्याने चालणे 8.2 ते 17.6 महिने. या विस्तारात एक जुळे दहाव्या महिन्यात आणि दुसरे पंधराव्यात चालले, तर दोघेही ठीक आहेत. मात्र उलट फसगतही होते: दोघेही सारखेच मागे असतील तर घरात तेच नेहमीचे वाटते. दुरुस्त वयाने दोन महिन्यांपर्यंत हसू न येणे, चार महिन्यांनंतरही मुठी घट्ट आणि अंगठा आत, पाय कात्रीसारखे आखडणे, वर्षाआधीच एकच हात वापरणे, किंवा आलेले कौशल्य जाणे, यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नये.

बोलण्याबाबत जुळी खरोखरच थोडी उशिरा असतात. ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये मांडलेल्या अभ्यासात जुळी 20 महिन्यांना सरासरी 1.7 महिने आणि 36 महिन्यांना 3.1 महिने मागे होती. कारण जन्मावेळच्या अडचणींत सापडले नाही, ते आईवडिलांच्या बाळाशी होणाऱ्या संवादाच्या पद्धतीत होते. दोघांना सांभाळताना एकेकाच्या वाट्याला स्वतंत्र बोलणे कमी येते. म्हणून न्हाऊ घालताना, भरवताना, लंगोट बदलताना त्या एका बाळाच्या डोळ्यांत पाहून, त्याचे नाव घेऊन बोलावे आणि त्याच्या उत्तरासाठी थांबावे. घरात मराठी, शेजारी कोकणी आणि टीव्हीवर हिंदी असल्याने वाचादोष होत नाही. शब्द मोजताना सगळ्या भाषांतले मिळून मोजावेत. दुरुस्त वयाने दहाव्या महिन्यापर्यंत 'बाबा', 'दादा' असे आवाज नाहीत, किंवा 16 महिन्यांपर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही, तर त्या एका बाळाची श्रवणचाचणी पुन्हा करून घ्यावी, जन्मावेळी ती पास झाली असली तरीही.