धावणाऱ्याचं हृदय: दीडशे वर्षांच्या वादाची पार्श्वभूमी

मॅरेथॉनमध्ये कुणी कोसळलं की दोन दिवसांत फॉरवर्ड फिरू लागतात: अति धावणं हृदयाला बाधतं. धावणाऱ्यांच्या ग्रुपवर त्याला तितक्याच तावातावाने उत्तरं दिली जातात. हे भांडण वाटतं तितकं ताजं नाही. 1867 मध्ये लंडनचे सर्जन स्के यांनी 'टाइम्स'ला पत्र लिहून ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या बोटींच्या शर्यतीवर झोड उठवली. वल्ही मारून मारून पोरं स्वतःच्या तब्येतीची वाट लावतात, असा त्यांचा आक्षेप. मँचेस्टरच्या डॉ. जॉन मॉर्गन यांनी 1829 ते 1869 या काळात शर्यतीत उतरलेल्या 294 जणांचा माग काढला आणि 1873 मध्ये हिशेब मांडला: आयुर्मानाच्या तक्त्यांशी ताडून पाहता ही मंडळी सुमारे दोन वर्षं जास्तच जगत होती. पण खात्यापित्या घरातली ही मुलं तशीही जास्त जगली असती. तुलना कुणाची आणि कुणाशी, हा प्रश्न तेव्हापासून या विषयाच्या मानगुटीवर बसला आहे.

1899 मध्ये स्वीडनच्या हेन्शेन यांनी स्कीइंग करणाऱ्यांच्या छातीवर बोटांनी ठोकून, आवाजावरून हृदयाचा आकार ताडला. तो मोठा निघाला. हेन्शेन यांच्या मते असं मोठं हृदयच शर्यत जिंकून देतं, पण बहुतेक डॉक्टरांच्या लेखी मोठं हृदय म्हणजे आजारी हृदय. अमेरिकेच्या क्लॅरेन्स डीमारला याचा अनुभव 1911 मध्ये बोस्टन मॅरेथॉनच्या आधीच आला. तपासणाऱ्या डॉक्टरांना त्याच्या ठोक्यांत 'मर्मर', म्हणजे रक्त वाहतानाची जादा सरसर, ऐकू आली, आणि थकवा वाटला तर थांब, यापुढे धावणं सोड, असा सल्ला मिळाला. तो त्या दिवशी शर्यत जिंकला. नंतर काही वर्षं बोस्टनपासून लांब राहिला, परत आला आणि आणखी सहा वेळा जिंकला. 1958 मध्ये कर्करोगाने वारल्यावर त्याच्या हृदयाचं विच्छेदन झालं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या नेहमीपेक्षा दुप्पट-तिप्पट रुंद होत्या. त्यांत थोडी चरबी साचलेली होतीच, पण रक्ताला वाट भरपूर होती. 1961 मध्ये हा अहवाल छापून आला आणि धावपटूंना जणू ताम्रपटच मिळाला.

माझ्या मते खरा पुरावा मात्र त्याआधीच आला होता, तोही लंडनच्या बसमधून. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाहतूक खात्यातल्या 35 ते 64 वयाच्या सुमारे 31,000 पुरुषांची माहिती तपासली. एकाच डबलडेकरवर दोघे कामाला: ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना वर-खाली करत. (मुंबईत हा अभ्यास जमला नसता. बेस्टच्या डबलडेकरवर वरच्या मजल्याला एक आणि खालच्या मजल्याला दुसरा, असे दोन कंडक्टर असत.) 1953 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. कंडक्टरांना हृदयविकार कमी, आणि झाला तरी पहिल्याच झटक्यात दगावण्याचं प्रमाण ड्रायव्हरांच्या निम्म्याच्या आसपास.

मॉरिस इथेच टाळ्या घेऊन थांबले नाहीत. आधीपासूनच सुटलेली माणसं ड्रायव्हर होत असतील तर? त्यांनी थेट गणवेशाच्या नोंदी काढल्या. 1956 च्या लेखात दिसतं की ड्रायव्हरांच्या पँटची कंबर सगळ्याच वयोगटांत, अगदी तरुण वयातही, कंडक्टरांपेक्षा मोठी होती. म्हणजे फरकाचं सगळं श्रेय जिन्याला देता येत नव्हतं. स्वतःच्याच सिद्धांताला अशी टाचणी लावणारा संशोधक विरळा. पोस्टमन आणि सरकारी कारकून यांच्यावरच्या अभ्यासांतूनही व्यायामाची बाजू टिकली, म्हणून ती पक्की मानायची. मॉरिस 2009 मध्ये, वयाच्या 99 व्या वर्षी वारले.

सत्तरच्या दशकात अमेरिकेत जॉगिंगची लाट आली आणि लंबक पार दुसऱ्या टोकाला गेला. कॅलिफोर्नियाचे पॅथॉलॉजिस्ट थॉमस बॅसलर सांगू लागले की सिगारेट न ओढणारा माणूस चार तासांच्या आत मॅरेथॉन पुरी करत असेल, तर त्याला ब्लॉकेजने मरण येणारच नाही. 1979 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या टिम नोक्स आणि सहकाऱ्यांनी ब्लॉकेज असलेल्या मॅरेथॉनपटूंच्या शवविच्छेदनाचे पुरावेच समोर ठेवले. तरी लोकांना धक्का बसला तो 20 जुलै 1984 ला. धावण्यावरच्या लोकप्रिय पुस्तकाचा लेखक जिम फिक्स व्हर्माँटमध्ये धावता धावता गेला, वय 52. धमन्यांत मोठे ब्लॉकेज सापडले. वडिलांना पस्तिशीत झटका, त्रेचाळिसाव्या वर्षी मृत्यू. स्वतः फिक्स पस्तिशीपर्यंत जाडजूड आणि भरपूर सिगारेट ओढणारा. धावण्याने त्याला मारलं की दहा वर्षं जास्त जगवलं, यावर आजही दोन्ही बाजू त्याचंच नाव घेतात.

त्यानंतरचं संशोधन जास्त गुंतागुंतीचं आहे. स्वीडनमधल्या वासालोपेत या 90 किलोमीटरच्या स्की शर्यतीत उतरलेल्या 52,755 जणांच्या अभ्यासात, पाच किंवा अधिक शर्यती पुऱ्या करणाऱ्यांत आणि सर्वांत वेगवानांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं प्रमाण जास्त आढळलं. वरचे कप्पे वर्षानुवर्षं ताणले जाणं हे त्याचं एक कारण मानतात. पण याच शर्यतीतले लोक सर्वसाधारण स्वीडिश जनतेपेक्षा कमी प्रमाणात मरतात, हेही खरं. मुरलेल्या पुरुष धावपटूंच्या धमन्यांत कॅल्शियम जास्त सापडतं, याचा अर्थ काय यावर अजून एकमत नाही.

प्रत्यक्ष शर्यतीतला धोका मात्र मोजला गेला आहे. अमेरिकेत 2010 ते 2023 दरम्यान मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन पुरी करणारे 2.9 कोटींहून जास्त, हृदय बंद पडलेले 176. आधीच्या दशकाशी तुलना केली तर हृदय बंद पडण्याचं प्रमाण जवळपास तेवढंच आहे, मृत्यूचं मात्र निम्म्यावर आलं. पूर्वी अशा दहांतले सात दगावत, आता तीन-चार. कारणांत आता पहिला नंबर ब्लॉकेजचा. भारतीय उपखंडातल्या लोकांना हा आजार इतरांपेक्षा लवकर गाठतो, त्यामुळे चाळिशीत बूट विकत घेणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना फिक्सच्या वडिलांची गोष्ट डीमारच्या धमन्यांपेक्षा जवळची आहे. साधा इसीजी नॉर्मल आला म्हणून ब्लॉकेज नाही असं होत नाही. आणि मृत्यू घटले त्याचं श्रेय संशोधक देतात ते मुख्यतः वाटेवर ठेवलेल्या शॉक देणाऱ्या यंत्रांना आणि लगेच छाती दाबायला धावून येणाऱ्यांना.