विश्वासार्ह एआय: लाल रेषा गेल्या कुठे?

अलीकडच्या काही हंगामांत पीक विम्यासाठी सोयाबीनचा उतारा ठरवताना पीक कापणी प्रयोगासोबत उपग्रहावर आधारित अंदाजालाही वजन मिळाले. कापणी प्रयोगाला गावातली माणसे हजर असतात, काटा डोळ्यांसमोर असतो, वाद घालायचा तर बांधावरच घालता येतो. संगणकाने काढलेल्या आकड्याचा जाब लातूर-धाराशिवच्या शेतकऱ्याने कोणाला विचारायचा? एआयच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांमध्ये मानवी देखरेख आणि उत्तरदायित्व आले ते अशाच प्रश्नांपोटी.

ही तत्त्वे 2017 च्या आसपास येऊ लागली, पण सर्वाधिक चर्चा झाली ती युरोपीय आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञगटाच्या एप्रिल 2019 च्या दस्तऐवजाची. मानवी देखरेख, उत्तरदायित्व यांसारख्या त्यातल्या सात अपेक्षा आता या क्षेत्रातल्या बहुतेकांना पाठ आहेत. खरी गंमत मसुद्यात घडली. 52 जणांच्या त्या गटात उद्योगांचे प्रतिनिधी भरपूर, नीतिशास्त्राचे अभ्यासक मोजके. काही वापर मुळीच होऊ नयेत, अशा 'लाल रेषा' आखण्याचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांच्या यादीत नागरिकांना वागणुकीवरून गुण देणारी यंत्रणा होती आणि माणसाविना मारणारी शस्त्रेही. अंतिम मजकुरात लाल रेषा हा शब्दच उरला नाही. त्याच गोष्टी 'गंभीर चिंता' म्हणून आल्या. बंदीची चिंता झाली! गटातल्याच एका तत्त्वज्ञाने याला नैतिकतेची रंगसफेदी, म्हणजे नुसता नैतिकतेचा देखावा म्हटले. सहमती टिकवण्यासाठी हे करावे लागले, असा बचाव करता येतो. पण सहमतीची किंमत कोणी मोजली, हेही पाहायला हवे.

त्याच वर्षी मे महिन्यात ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेने आपली तत्त्वे काढली, जूनमध्ये भारतासह जी-20 ने त्यांच्याच आधारे स्वतःची स्वीकारली. 2021 मध्ये युनेस्कोच्या 193 देशांची शिफारस आली. बंधनकारक यातले एकही नाही.

युरोपात मात्र लाल रेषा कायद्याच्या रूपाने परतल्या. ऑगस्ट 2024 मध्ये युरोपीय संघाचा एआय कायदा अमलात आला आणि फेब्रुवारी 2025 पासून नागरिकांना गुण देण्यावर बंदी लागू झाली. दंड साडेतीन कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या 7 टक्के, यातला जास्त असेल तो. शस्त्रे तेवढी सुटली, कारण लष्करी वापर कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवला आहे.

भारताने नोव्हेंबर 2025 च्या मार्गदर्शक तत्त्वांत सात सूत्रे दिली आणि तूर्त वेगळा कायदा नको, असे ठरवले. पीक विम्याच्या आकड्यावर हरकत असेल तर शेतकऱ्याला जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीचेच दार ठोठवावे लागते.